छटाक आणि वरची मूठ

लोहाऱ्याला ह्यांची तहसिलात बदली झाली तेव्हाची गोष्ट. खोली बघायला गेलो, तर घरमालकांनी ना आमचं गाव विचारलं, ना माणसं किती ते. दारात उभं राहून त्यांनी मला वरपासून खालपर्यंत एकदा बघितलं आणि म्हणाले, "पासष्ट." मग ह्यांच्याकडं बघितलं. "चोपन्न. साहेब, जरा खात जावा." एवढं बोलून किल्ली माझ्या हातात.

रस्त्यावर आल्यावर मी ह्यांना विचारलं, "हे वय सांगत होते का हो? माझं?" पासष्टीला तेव्हा मला लई अवकाश होता. ह्यांनाही काही उलगडा झाला नव्हता. पुढं महिन्याभरानं दवाखान्यात काट्यावर उभी राहिले आणि नर्सबाई म्हणाल्या, "पासष्ट." तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

मालकांचा सगळा जन्म पेठेतल्या एका धान्याच्या दुकानात काट्यावर गेला होता. त्यामुळं जगातली कुठलीही गोष्ट त्यांना आधी वजन म्हणून दिसायची, मग गोष्ट म्हणून. बारशाला गेले की पाळण्यात डोकवायचे, "अडीचला दोन छटाक कमी," म्हणायचे, आणि बाळाची आजी देवाचा कौल मिळाल्यासारखी मान डोलवायची. लग्नात नवरा-नवरी समोरासमोर उभी राहिली की मालकांचे ओठ हलायचे. लोकांना वाटायचं मंगलाष्टकं म्हणतायत. कसली मंगलाष्टकं, जोडीचं वजन चाललेलं असायचं.

मोजताना "एक" कधी म्हणायचे नाहीत. जुन्या मापाऱ्यांची रीत अशी, की पहिलं माप पडलं की "लाभ" म्हणायचं, मग दोन, मग तीन. दुकान सुटलं तरी ही जीभ काही सुटली नाही. जिना चढताना लाभ, दोन, तीन. बीपीच्या गोळ्या घेताना लाभ, दोन. ह्यांनी एकदा विचारलं, "मालक, मुलं किती तुम्हाला?" तर म्हणाले, "लाभ." मुलगा हैदराबादला होता. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती.

बोलणं तीन भाषांत. माणसांशी मराठी, मांजरांशी कानडी, आणि राग आला की उर्दू. सकाळी अंघोळ करून, कपाळाला भस्माचे पट्टे ओढून अंगणात आले की हाक सुरू, "बा, बा, बा!" म्हणजे ये, ये, ये. कानडीत पुरे म्हणायला "साकु" असा शब्द आहे. तो मात्र त्यांच्या तोंडून मी पहिल्या वर्षात ऐकला नाही, बघा.

मांजरं सहा. नावं सगळी दुकानातली. शेर, अच्छेर, पावशेर हे तीन भाऊ. पायली म्हणून एक गंभीर म्हातारी. एकाची शेपटी अर्धी तुटलेली, त्याचं नाव कडता. पोत्याच्या अन् कचऱ्याच्या नावानं धान्याच्या वजनातून जी कपात होते तो कडता. आणि सहावी छटाक. जन्मली तेव्हा सगळ्यांत बारीक, मालकांच्या तळहातावर मावायची, म्हणून सगळ्यांत लहान वजनाचं नाव.

मी बघितली तेव्हा छटाक ही दारातनं आत येताना आधी तोंड येई, मग बऱ्याच वेळानं बाकीची येई. बसली की उशी ठेवल्यासारखी वाटायची. एकदा मी अंधुक उजेडात खरंच तिला थापटून टेकायला गेले होते.

आणि गंमत अशी, की परक्याचं बाळ छटाकभर इकडंतिकडं झालं तर ओळखणाऱ्या माणसाला हे घरातलं ओझं दिसतच नव्हतं. मी म्हणलं, "मालक, छटाक जरा जड झाली न्हाय का?"

"ती? चार असंल. केसाळ हाय म्हणून दिसती."

ते डोळे उघडले एका कुत्र्यामुळं. गल्लीत एक पिवळं कुत्रं होतं, बरगड्या मोजून घ्याव्यात असं. एका दुपारी फाटक उघडं राहिलं आणि ते आत शिरलं. पाच मांजरं डोळ्याचं पातं लवायच्या आत भिंतीवर. आमची ही भिंत छातीएवढी, पलीकडं शेजारच्या आपांचं घर. छटाकनं उडी मारली. तीन वीत वर गेली आणि पोतं घसरावं तशी खाली आली. परत मारली, परत खाली. कुत्र्यानं शेपटी धरलीच. मालक तराजूचं पितळी पारडं हातात घेऊन "नामाकूल! बेइमान!" करत धावले, पारडं वाजवलं, तेव्हा कुत्रं पळालं. तोंडात शेपटीचे केस घेऊनच.

मालक तिला उचलायला वाकले आणि तसेच वाकलेले राहिले. मग हळूच मला म्हणाले, "अक्का, ही चार न्हाय."

लिंबाच्या फांदीला लोंबता काटा टांगला. पोत्याला एक भोक पाडून छटाकला आत घातली, तोंड बाहेर. पोत्याचं वजन वजा करून साडेसात भरली. मालक ओट्यावर बसले. "पुढच्या डावाला कुत्रं शेपटी धरणार न्हाय," म्हणाले. "मान धरंल. ही भिंतीवर चढली पायजे, अक्का. कसं बी करून."

पहिला उपाय त्यांनी मनानंच केला. श्रावण चालू होता. सोमवारी स्वतःबरोबर छटाकलाही उपास. दुपारपर्यंत तिनं असा गळा काढला की पलीकडून आपांनी भिंतीवरून डोकं काढलं, "क्या हुआ मालक, कोण गेलं?"

मग मात्र जनावरांच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. मी टोपली धरायला बरोबर. डॉक्टर तरुण होते. म्हणाले, "काका, नोकरीला लागल्यापासून माझ्याकडं लोक येतात ते जनावर अंग धरत नाही म्हणून. उतरवायला आलेले तुम्ही पहिलेच."

"लाभ," मालक सवयीनं म्हणाले.

"काय खाते?"

"दूध-भाकरी. दोन वेळ. मोजून."

"मोजून?"

"मोजल्याबिगर माझ्या घरात पाणीसुदिक पडत न्हाय, डॉक्टरसाहेब."

डॉक्टरांनी सांगितलं ते असं. उपास मुळीच नाही. मांजर एकदम उपाशी राहिलं की त्याचं लिव्हर बिघडतं. दूध नावाला. भाकरी निम्मी, तीही सकाळीच. बाकीच्यांपासून वेगळं खायला घाला. रोज पळवा. आणि संध्याकाळी उकडलेली कोंबडी, बिनमिठाची, मोजून. संक्रांतीपर्यंत दीड किलो उतरली तरी पुष्कळ.

कोंबडी म्हणल्यावर लिंगायत मालकांचा हात गळ्यातल्या लिंगावर गेला. टोपली घेऊन आम्ही घरी आलो. मग भिंतीपाशी जाऊन म्हणाले, "आपा, एक अर्ज हाय."

आपांचा नवरा गाद्या भरायचा आणि आपा चार कोंबड्या पाळायच्या. त्यांनी अर्ज ऐकला आणि पदर तोंडात कोंबून इतक्या हसल्या की खालीच बसल्या. पण कबूल झाल्या. रोज संध्याकाळी कोंबडी उकडायची आपांनी, खायला घालायची आपांच्याच ओट्यावर. मालकांनी बघायची नाही. पण मोजल्याशिवाय द्यायची कशी? म्हणून मोजायची मी.

काय ती संध्याकाळ सांगू! मालक आपांच्या ओट्याकडं पाठ अन् आमच्या घराच्या भिंतीकडं तोंड करून उभे, एक हात छातीवर. मी ओट्यावर तराजू धरून बसलेली. छटाक माझ्या मांडीला टेकलेली.

"अक्का, काटा कुठं हाय?"

"मधी हाय, मालक."

"मधी म्हंजी? डावीकडं कललाय का?"

"न्हाय."

"दम धरून बघा. तुमच्या श्वासानं हालतोय."

मी दम धरला. आपा म्हणाल्या, "बाई, हमारी शादी में बी इतना नाप-तौल नै हुआ था!" झालं. माझा दम सुटला, पारडं हाललं, कोंबडीचा तुकडा खाली, छटाकच्या तोंडात. मालक भिंतीशी बोलावं तसे म्हणाले, "पडलं ते धरा. परत मोजा. लाभपास्नं."

दर सोमवारी पूजा आटोपली की लिंबाखाली छटाकचं वजन. दाराच्या आतल्या अंगाला खडूनं आकडा. पहिल्या सोमवारी साडेसात. दुसऱ्या सोमवारी साडेसात. तिसऱ्या सोमवारी साडेसात. चौथ्याला पावणेआठ!

मालकांच्या तोंडाला उर्दू आली. "घर में चोर है," म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात तराजू मांडला आणि आम्हा सगळ्यांना बोलावलं. काट्यावर हात ठेवून सांगायचं, छटाकला कोण चोरून घालतंय. आमचे हे ऑफिसला जाता जाता हात ठेवून गेले. आपा म्हणाल्या, "कसम से, एक बोटी जास्ती नै दी." माझी पाळी आली. त्या गार पितळेवर हात ठेवला आणि काय झालं कोण जाणे, खोटं बोलवेना.

"एकदा साय दिली," मी म्हणलं.

"किती?"

"बोटभर."

"बोट कुठलं?"

मी दाखवलं. त्यांनी वाकून बोट नीट बघितलं. "अर्धा तोळा," म्हणाले. "त्यानं पाव किलो वाढत न्हाय. दुसरं कोणतरी हाय."

आठ दिवस घरात सगळे एकमेकांकडं तिरक्या नजरेनं बघत होते. मालकांनी खिडक्यांना जाळ्या ठोकल्या. छटाकच्या मागं मागं फिरले. ती झोपायची, मालक काठी धरून शेजारी बसायचे. आपांशी बोलणं कमी केलं, त्या हिरमुसल्या. दरम्यान पिवळं कुत्रं दोनदा फाटकाशी येऊन गेलं. मालकांनी फाटकाला साखळी लावली, पण पाणी भरायला गल्लीतली वीस माणसं दिवसातनं ह्या फाटकानं आत-बाहेर करायची, साखळी किती जण लावणार? त्यांचा जीव टांगणीला लागलेला सगळ्यांना दिसायचा. अंगणात पान वाजलं तरी दचकून उठायचे.

चोर सापडला तो मला. सकाळी मी जिन्याच्या वरच्या पायरीवर केस विंचरत बसले होते. खाली मालक मांजरांची न्याहारी मोजत होते. एका पारड्यात वजन, दुसऱ्यात दुधात कुस्करलेली भाकरी. काटा बरोबर मधोमध आला. मालकांनी डोळा बारीक करून बघितला, "लाभ" म्हणाले, भाकरी ताटलीत ओतली. आणि मग त्यांचा उजवा हात पातेल्यात गेला, मूठभर उचललं आणि ताटलीत वरून टाकलं. डोळे तोवर पुढच्या ताटलीवर गेलेले. दोन. परत मूठ. तीन. परत मूठ. सहा ताटल्या, सहा मुठी. पाच मांजरं सडपातळ, थोडं खाऊन उरलेलं टाकून भिंतीवर गेली. छटाक कोपऱ्यातली आपली वेगळी ताटली चाटून पाच घरचं उरलेलं आवरायला निघाली.

माझी फणी केसातच अडकली. हसू आलं आणि लगेच गेलं. चोर तर कळला. पण त्याला सांगायचं कुणी? ज्या माणसानं सगळा जन्म मापावर काढला, त्याला तुमचं माप चुकतंय म्हणायचं म्हणजे काय! मी आपांना गाठलं. त्या म्हणाल्या, "नक्को बाई, मैं नै बोलती. तुम्ही बोला, तुमचं अर्ध्या तोळ्यात मिटलंय."

दुसऱ्या दिवशी मी खाली उतरले. "मालक, एक मागणी हाय. ताटली मांजरापुढं ठेवायच्या आधी त्यातलं परत पारड्यात घाला."

"कशाला?"

"माझ्या समाधानासाठी."

ते हसले आणि छटाकची ताटली पारड्यात रिकामी केली. पारडं धपकन् खाली बसलं.

मालकांनी काटा बघितला. वजनं बघितली. मग आपला उजवा हात उचलून असा बघितला, जसा तो दुसऱ्या कुणाचा आहे आणि इथं विसरून राहिलाय.

हात तसाच धरून बोलले. "दुकानात बी ह्यानंच केलं, अक्का. जुना तराजू होता तवर कुणाला दिसत नव्हतं, मला बी न्हाय. गिऱ्हाईकाला मापून दिलं की वरची मूठ पडायची. मग शेठच्या पोरानं आकड्यांचा काटा आणला. त्या आकड्यात माझी मूठ दिसाय लागली. पोरगं वाईट न्हाय, हसूनच बोललं, काका, बघा की किती जास्त जातंय. मी म्हणलं, जास्त न्हाय, आता माप पुरं झालं. पण आकडा काय ऐकतोय? म्हणून जुना तराजू मागून घेतला अन् घरी आलो."

दुकान का सोडलं हे त्यांनी तोवर कुणाला सांगितलं नव्हतं.

मग मूठ थांबवायचे प्रयोग सुरू झाले. उजवा हात उपरण्यानं कमरेला बांधला, तर डावा पातेल्यात गेला. उजव्या हातात जपाची माळ धरली, तर माळेसकट मूठ पडली आणि पायलीनं मणी चघळला. मला पातेलं धरून उभं केलं, तर म्हणाले, "अक्का, तुम्ही बघताय म्हणून पडत न्हाय, पण हात दुखतोय."

उपाय मला सुचला तो भात टाकताना. मी वाटीनं तांदूळ घेते आणि माझाही हात वरून चिमूटभर टाकल्याशिवाय राहत नाही, आईपासूनचं आहे ते. म्हणून मी वाटीच काठाखाली भरते. तशीच हातातली वाटी घेऊन मी खाली पळाले.

"मालक, मूठ बंद करू नका. मूठ आधी काढून ठेवा. तेवढं कमी मोजा. मग तुमची मूठ पडंल अन् माप पुरं होईल."

"म्हंजी आधी माप खोटं करायचं?"

"शेवटाला पुरं होतंय की!"

विचारात चहा गार केला त्यांनी. मग विचारलं, "पर माझी मूठ भरती किती?" लगेच तराजू. मुठीवर मूठ मोजली. लाभ, दोन, तीन... दहा वेळा. दहाच्या दहा वेळा काटा त्याच जागी. मालकांची छाती अशी फुगली! "बघितलं का? आकड्यांच्या काट्याला म्हणावं, ये की."

मुठीच्या वजनाचा एक खडा शोधून आणला आणि मोजताना तो भाकरीच्या पारड्यात ठेवायचा, म्हणजे भाकरी तेवढीच कमी पडंल, असा हिशोब बसवला. आपांनी कोंबड्या झाकायचं डालगं दिलं. छटाक आता डालग्याखाली जेवायची, बाकीच्या ताटल्या उचलेपर्यंत आतच. बांबूच्या फटीतनं तिचा एक डोळा दिसायचा, आणि त्या डोळ्यात आमच्या सगळ्या पिढ्यांचा उद्धार असायचा.

आणि पळवणं! जुन्या धोतराच्या टोकाला गाठ मारून मालक अंगणात धावायचे, मागं धोतर, धोतराच्या मागं छटाक. दोन फेऱ्यांत ती बसायची. मालक पळतच राहायचे, मागं बघायचेच नाहीत. गल्लीतल्या बाया पाणी भरायच्या निमित्तानं फाटकाशी जमायच्या. एक जण म्हणाली, "मालक, मांजर केव्हाच बसलं, तुम्ही कुणापुढं पळताय?" दिवाळीपर्यंत मालकांना धोतराच्या दोन निऱ्या जास्त घ्याव्या लागल्या. दारावरचे आकडेही उतरायला लागले. सात. पावणेसात. साडेसहा. एकदा तर मालक छटाकला म्हणाले, "साकु!" आणि स्वतःच दचकले.

संक्रांत चार दिवसांवर होती. मी जिन्यात तीळ निवडत होते. फाटक कुणीतरी उघडं टाकलं आणि पिवळं कुत्रं सरळ आत. शेर, अच्छेर, पावशेर, कडता भिंतीवर. पायलीसुद्धा भिंतीवर. छटाक अंगणाच्या मधोमध उन्हात. मालक तराजूपाशी होते, उठेपर्यंत उशीर झाला असता. माझं सूप कलंडलं, तीळ सगळे जिनाभर.

छटाक पळाली. भिंतीशी गेली, उडी मारली आणि पुढचे पंजे वर अडकले. पोट भिंतीला चिकटलं, मागचे पाय चुना खरवडतायत, कुत्र्याचं तोंड शेपटीपासून वीतभर. पलीकडून आपा ओरडल्या, "चढ गे माँ, चढ!" आणि ती चढली. वर जाऊन वळून बसली, जणू रोजच इथं बसते.

"लाभ!" मालक असे ओरडले की कुत्रंसुद्धा खाली बसलं.

आनंदानं त्या माणसाला काही सुधरेना. आत पळाले, पातेल्यात हात घातला, भरली मूठ घेऊन भिंतीकडं निघाले. आपा पलीकडून, मी जिन्यातून, एकदमच ओरडलो, "मालक! नक्को!" "साकु, मालक, साकु!"

हात हवेत थांबला. पण उघडल्याशिवाय तो परत कसा येणार? मालकांनी वर छटाककडं बघितलं, मुठीकडं बघितलं. मग खाली. कुत्रं भिंतीला टेकून बसलेलं, बरगड्या हलतायत, डोळे मुठीवर. मालकांनी मूठ त्याच्यापुढं उघडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालून हाक आली, "अक्का, जरा या. पोतं धरा." मी गेले. लिंबाला काटा टांगलेला, काट्याला पोतं, आणि पोत्याच्या भोकातून पिवळं तोंड बाहेर, अगदी शहाण्यासारखं. भिंतीवर सहा मांजरं ओळीनं बसून बघतायत. दाराच्या दुसऱ्या फळीवर, कोऱ्या, मालकांनी खडू टेकवलेला.

"अकरा," ते गंभीरपणे म्हणाले. "लई कमी हाय. दीड किलो तरी चढवाय पायजे."

मी पोतं धरलं होतं खरं, पण माझे हात स्थिर राहीनात, आणि भिंतीपलीकडं आपांचा तर आवाजच फुटत नव्हता.

"हसू नका, अक्का," मालक काट्यावरची नजर न काढता म्हणाले, "काटा हालतोय."